उंदरांनी खाल्लेली ८६ ची पद्मिनी आणि पाटी नसलेलं वायरमनचं दुकान

सरळ सांगतो, काम एक नंबर आणि तारखा एकदम बोगस. आठ दिवस म्हणाले आणि सात आठवडे लावले. तरी परत कधी गरज पडली तर मी तिथंच जाणार. का ते खाली लिहिलंय, जरा लांबलंय, पण ज्यांच्या घरी जुनी गाडी पत्र्याखाली उभी आहे त्यांनी चहा घेऊन वाचा.

गाडी वडिलांची, प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टेअरिंगला, पुढं एकच लांब सीट ज्यावर आम्ही चौघं बसून तुळजापूरला गेलोय. वडील २०१२ ला गेले आणि गाडी सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घरामागच्या शेडमध्ये गेली ती गेलीच. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, टीव्हीवर ती बातमी बघून आई म्हणाली, आपली पण बघ की रे एकदा काढून. मी हो हो म्हणलं आणि अजून दोन वर्षं घालवली.

झाकायला आम्ही काय घातलं होतं, तर घरातल्या दोन जुन्या सोलापुरी चादरी आणि त्यावर प्लास्टिक. आणि गाडीला लागूनच वर्षाची ज्वारी, मंगळवेढ्याची मालदांडी, चार पोती. म्हणजे राहायला गाडी, पांघरायला चादर आणि जेवायला मालदांडी, उंदरांना आम्ही हातानं सगळी सोय करून दिली होती आणि वर तेरा वर्षं कुणी हॉर्न पण वाजवला नाही.

प्लास्टिक काढलं तेव्हा बाहेरून गाडी चांगली वाटली खरं. दार उघडलं आणि वास आला, तो वास ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. ग्लोव्ह बॉक्समध्ये घरटं, त्यात चादरीचे निळे-पांढरे धागे, संचार पेपरचे तुकडे, शेंगांची टरफलं आणि बारीक फाडलेली पीयूसी. मागच्या सीटखाली दुसरं घरटं. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत मूठभर ज्वारी, एकदम नीट साठवलेली, आईनं पण डब्यात इतकी नीट भरली नसती. आणि डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारला तर वायरी होत्या पण त्यांच्यावर कव्हरच नव्हतं, नुसतं तांबं, तेही काही ठिकाणी हिरवं पडलेलं. ते हिरवं म्हणजे मुताचं काम, त्यातल्या क्षारांनी तांबं आणि कपलरच्या पिना दोन्ही सडतात.

इथं एक सांगून ठेवतो, अशी गाडी साफ करताना झाडू घेऊन सुरू होऊ नका. उंदराच्या मुतातून लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो, आणि सुकलेली लेंडी झाडली की धुरळा सरळ नाकात. हातमोजे, मास्क, आधी फिनाईलचं पाणी मारून सगळं ओलं करा आणि मग ओल्या फडक्यानं उचला. मी पहिल्या दिवशी उघड्या हातानं घरटं काढलं आणि बायकोनं तीन दिवस मला कणकेला हात लावू दिला नाही.

आणि ते व्हॉट्सॅपवर फिरतं ना की गाड्यांच्या वायरीत सोयाबीन असतं म्हणून उंदीर खातात, ते नवीन गाड्यांबद्दल लोक बोलतात, ८६ च्या गाडीत कुठला सोया, साधं पीव्हीसी आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात त्यामुळं त्याला काही ना काही कुरतडावंच लागतं, चव बिव काही नाही. विम्याचं विचारणाऱ्यांसाठी, थर्ड पार्टी पॉलिसीत स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळतच नाही, आणि आमची तर तीही संपून जमाना झाला होता.

इंजिनचं काम आमच्या ओळखीच्या मिस्त्रीनं केलं, त्यावर जास्त लिहीत नाही. प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं, दोन दिवस तसंच ठेवलं, मग इंजिन हातानं फिरवून बघितलं, मोकळं होतं. टाकीतलं पेट्रोल व्हार्निशसारखं वास मारत होतं ते सगळं काढून टाकलं, कार्बोरेटर खोलून साफ केला, फ्युएल पंपाचा पडदा आणि सगळे रबरी पाइप बदलले कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. चारी चाकांचे ड्रम जाम होते, व्हील सिलिंडर बदलले. हे सगळं पंधरा दिवसात झालं. खरी गोची वायरिंगची.

पहिल्यांदा एका दुसऱ्या दुकानात दिली होती, नाव घेत नाही. त्यानं एका दिवसात करून दिलं, अडीच हजार घेतले, मी खूश. घरी आणली, संध्याकाळी लाइट लावून बघितलं तर ब्रेक दाबला की डॅशबोर्डचा दिवा मिणमिणायचा, आणि उजवा इंडिकेटर दिला की मागचे दोन्ही पार्किंग त्याच्यासोबत नाचायचे. मला वाटलं जुनी गाडी आहे, चालायचंच. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये इंजिन चालू ठेवून हेडलाइट लावले आणि डॅशच्या मागून धूर. मी धावत जाऊन बॅटरीची निगेटिव्ह ओढून काढली, पान्यानं टर्मिनल सैल करायला जो वेळ गेला तेवढ्यात माझे हातपाय गळाले, कारण पेट्रोलचा वास येतच होता आणि बाजूला ज्वारीची पोती. घरात आई. त्या दिवशी गाडी विकायचीच असं ठरवून झोपलो होतो मी.

इंजिनवाल्या मिस्त्रीनं मग वायरमन चाचांचं नाव काढलं. जुन्या पुणे नाक्याकडं एका गाळ्यात बसतात, पाटी नाही, बाहेर एक ट्रॅक्टर आणि दोन टेम्पो कायम उभे, विचारलं की कुणीही दाखवतं. साठी ओलांडलेले, चष्म्याची एक काडी इन्सुलेशन टेपनं चिकटवलेली. गाडी टो करून नेली. त्यांनी डॅशखाली डोकं घातलं, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग एक लाल वायर ओढून माझ्या हातात दिली.

"मालक, हे काय हाय सांगा बघू."

मी म्हणलं वायर.

"वायर हायच की. घरातल्या बोर्डाची हाय. वाकवा."

वाकवली तर ती तशीच वाकून राहिली. मग त्यांनी स्वतःच्या गुंडाळीतली गाडीची वायर दिली, ती वाकवून सोडली की सुतळीसारखी लोंबत राहिली. आत केसासारख्या बारीक तारा, खूप साऱ्या. म्हणाले गाडी हलते, इंजिन थरथरतं, जाड तारेची वायर हलून हलून आतून तुटते आणि वरून कळत पण नाही, आणि इंजिनच्या उष्णतेनं तिचं कव्हर मऊ पडतं. शिवाय आधीच्या पठ्ठ्यानं सगळीकडे एकच लाल वायर वापरली होती, पुढच्या माणसानं शोधायचं कसं, आणि जोड म्हणजे पीळ मारून वर टेप, बस. डॅशचा दिवा का मिणमिणत होता तेही सांगितलं. मागच्या लाइटची अर्थिंग गंजली होती, बॉडीला टेकतच नव्हती, मग करंट परत जायला दुसरा रस्ता शोधतो आणि शेजारच्या बल्बमधून उलटा घुसतो. ते म्हणाले जुन्या गाडीत असलं भुताटकी काही दिसलं की आधी अर्थ बघायचा, मग बाकीचं. हे एक वाक्य मला पंचवीस वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं.

मी विचारलं, जेवढं खाल्लंय तेवढं बदलून होईल का. तर म्हणाले, "होईल की. पण मी न्हाई करणार. दात लागलेली दिसते ती बदलाल, न दिसणारी कुठली बदलाल?" वायरिंगचा सगळा सेट नवीन बनवायचा, नाहीतर गाडी घेऊन जावा. किती दिवस? आठ दिवस. इथं माझी चूक झाली, मी विश्वास ठेवला.

आता खरं काम, जे बघायला मी जवळपास एक दिवसाआड जात होतो. त्यांनी जुना सेट गाडीतून एकही वायर न कापता काढला, पुढच्या दिव्यापासून डिकीपर्यंत, आणि एका लांब फळीवर पसरून खिळे ठोकून जसाच्या तसा ताणला. म्हणजे जिथं वायर वळते तिथं खिळा, जिथं फाटा फुटतो तिथं दोन खिळे. मग वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या, प्रत्येक टोकाला दोऱ्यानं बांधलेल्या, "हे. ला. डावी", "टाकी काटा", "वायपर". त्यांच्या हाताखालचा पोरगा मल्टिमीटरची एक सुई या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला लावून बीप आला की ओरडायचा आणि चाचा वहीत लिहायचे. जिथं उंदरानं वायरच गायब केली होती तिथं फक्त जुन्या कापडी टेपच्या आत राहिलेला रंगाचा तुकडा बघून ठरवायचे कुठली होती. एक वायर तीन दिवस सापडली नाही, शेवटी डिकीच्या दिव्याची निघाली, जो दिवा आमच्याकडं मला आठवतं तेव्हापासून बंदच होता.

मग त्याच खिळ्यांवर नवीन वायरी. बॅटरी आणि अल्टरनेटरची मेन ६ स्क्वेअर एमएम, हेडलाइटला अडीच, इंडिकेटर पार्किंगला १. रंग जुन्याप्रमाणे, जिथं तो रंग मिळाला नाही तिथं दोन्ही टोकांना चिठ्ठीवर स्लीव्ह चढवून. टोकाला थिंबल म्हणजे धातूची टोपी दाबून वर हीट श्रिंक म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, पीळ मारलेला एकही जोड नाही. मी मुद्दाम एक ओढून बघितली, चाचा बघत होते, म्हणाले अजून जोरात ओढा.

एक गोष्ट मूळ गाडीत नव्हती ती त्यांनी विचारून टाकली, हेडलाइटला रिले. जुन्या पद्धतीत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट, १२ व्होल्टला भागलं की १० अँपिअर, एवढं चाळीस वर्षांच्या स्विचमधून नेलं की स्विच तापणार आणि वाटेत व्होल्टेज पण गळणार, म्हणून जुन्या गाड्यांचे दिवे पिवळे पडतात. रिले टाकला की स्विच फक्त इशारा देतो, करंट बॅटरीकडून जाड वायरीनं थेट दिव्याला. फरक इतका आहे की पहिल्या रात्री मला वाटलं अप्परवर आहे. जुने चिनी मातीचे गोळीसारखे फ्यूज होते तो बॉक्स दिसायला जागेवर ठेवला आणि खाली ब्लेड फ्यूजचा नवीन बॉक्स. जुन्या गाड्यांचे शौकीन नाक मुरडतील, मुरडू देत, धूर माझ्या घरात निघाला होता.

हे सगळं चालू असताना तारखा. आठवा दिवस, सामान पुण्याहून यायचंय. पंधरावा दिवस, टेम्पोवाल्याचं अर्जंट. मग संक्रांत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, पोरगा नंदीध्वज बघायला गेला तो चार दिवस आलाच नाही, आणि गड्डा असताना सोलापुरात कुणाकडून काम करून घ्यायची अपेक्षा ठेवणारा मी येडा. मग कुणाचं तरी लग्न. फोन उचलत नाहीत, हे ठरलेलं आहे, फोन करूच नका. मी एकदा चिडून बोललो पण, अहो चाचा निदान खरी तारीख तरी सांगा. तर शांतपणे म्हणाले, "खरी सांगितली असती तर तुम्ही गाडी ठेवली असती का?" यावर काय बोलणार. पण हे बरोबर नाही, माणूस सुट्ट्या काढतो, टोचे पैसे ठरवतो, त्याचा एक स्टार मी कापलाच आहे.

शेवटच्या दिवसाचं सांगतो. सगळं बसवून झालं, बॅटरी ठेवली, मला वाटलं आता टर्मिनल लावणार आणि सेल्फ मारणार. नाही. त्यांनी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घेतला, त्याचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं गाडीच्या निगेटिव्ह केबलला. म्हणजे गाडीत जो काय करंट जाईल तो या बल्बमधून. सगळे स्विच बंद, दारं बंद. कुठं शॉर्ट नसेल तर बल्ब पेटायला नको, आणि शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, वायर जळणार नाही. सात आठवड्यांनंतर आम्ही पाच-सहा जण, त्यात दोन टेम्पोवाले, त्या एका बल्बकडं बघत उभे.

बल्ब पेटला.

माझं तोंड पडलं. चाचा खाली वाकून बघत राहिले, म्हणाले लख्ख नाही पेटला, जरा कमी आहे. थेट शॉर्ट असता तर लख्ख पेटला असता, म्हणजे मध्ये काहीतरी लोड आहे. मग पोराला एकेक फ्यूज काढायला लावला. तिसरा का चौथा काढला आणि बल्ब विझला. हॉर्नचा फ्यूज. हॉर्नला करंट कायम असतो, बटण फक्त अर्थ देतं, म्हणजे कुठंतरी बटणाची वायर आपोआप बॉडीला टेकत होती. ती स्टेअरिंगच्या नळीतून वर जाते आणि ती तेवढी एकच वायर नवीन सेटमध्ये नव्हती, ती स्टेअरिंगसोबत जुनीच राहिली होती. चाक काढलं, नळीत वाकून बघितलं, आतल्या बाजूला वीतभर वायर सोललेली. त्या बारीक नळीत उंदीर गेला कसा हे मला अजून कळलेलं नाही, पिल्लू असणार. अर्ध्या तासात नवीन वायर, परत बल्ब लावला, बल्ब गप्प. मग टर्मिनल लावलं आणि पहिल्या सेल्फला नाही, तिसऱ्याला सुरू झाली. मल्टिमीटरवर चार्जिंग १४.१ व्होल्ट दाखवलं. आईला व्हिडिओ कॉल लावला होता, तिनं गाडीचा आवाज ऐकला आणि म्हणाली हॉर्न वाजव.

खर्च. वायर, रिले, फ्यूज बॉक्स, कपलर, थिंबल, टेप मिळून ७,२००, मजुरी १४,०००. पक्कं बिल नाही, वहीचा कागद मिळतो, ज्याला बिल लागतं त्यानं आधी बोलून घ्यावं. टोचे दोन वेळचे वेगळे. सोलापूरच्या मानानं मजुरी जास्त आहे असं माझा भाऊ म्हणतो, त्यानं ती फळी बघितलेली नाही. आणि आधीचे अडीच हजार गेले ते गेलेच.

बारीक तक्रारी पण लिहितो. डॅशखालच्या पट्टीचे दोन स्क्रू परत आले नाहीत. मीटरमधला दिवा हवा तेवढा लागत नाही, सांगितलं तर म्हणाले काच आतून मळली आहे, ते आमचं काम नाही. आणि सीटवर काळ्या टेपच्या गोंदाचा डाग पडलाय तो रॉकेलनं पण निघाला नाही.

आरसीचं वेगळं रडगाणं चालू आहे, ते गॅरेजच्या माथी मारत नाही. एवढंच लक्षात ठेवा की २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी १०,००० झाली आहे, आणि व्हिंटेज म्हणून सूट मिळेल अशा भ्रमात असाल तर सरकारी नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांच्या वरची गाडी, आमची पोरसवदाच आहे अजून. तोपर्यंत गाडी शेडमध्येच, रोज संध्याकाळी वीस मिनिटं सुरू करतो.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या पुढं जा, शुक्रवारी दुपारी बंद असतं. जुनं वायरिंग आधीच कुणी कापून फेकलं असेल तर ते काम घेतच नाहीत, कारण मग मापाला काही उरत नाही, त्यामुळं कितीही सडलेलं दिसलं तरी तसंच राहू द्या. आणि जाताना स्वतःचा डबा न्या, नाहीतर तिथं कडक भाकरी आणि शेंगा चटणी खायला लावतात आणि मग तारखेवरून भांडता येत नाही.

जुना सेट त्यांनी पोत्यात घालून परत दिला, म्हणाले ठेवा, पुढं कुणाला लागंल. ज्वारीची पोती आता वरच्या मजल्यावर पत्र्याच्या कोठीत गेलीत, चादर काढली, रात्री बोनेट उघडं ठेवून वर एक बल्ब लावतो. जुन्या सेटचं पोतं शेडच्या कोपऱ्यात होतं. परवा रविवारी सहज उघडून बघितलं तर "हे. ला. डावी" ची चिठ्ठी गायब आणि त्या वायरीवर ताजे दात. गाडीत पण टॉर्च मारून सगळीकडं बघितलं, अजून तरी काही नाही.